बाळाच्या वाटीत डाळीचं पाणी नको, डाळ वाढा

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

मागे बसलेल्या आज्यांनो, तुम्ही जरा पुढे या. आजचं बोलणं खरं तर तुमच्याशीच आहे.

तलासरीच्या पाड्यांवरून रोज सकाळी कितीतरी बाया उंबरगाव, वापीकडे कंपनीत कामाला जातात. दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर जातात. मग दिवसभर बाळाला भरवतं कोण? आजी, नाहीतर आठ-दहा वर्षांची मोठी बहीण. म्हणून एकट्या आईला सांगून भागत नाही.

घरभेटीत मी विचारते, बाळाला काय देता? उत्तर येतं, "डाळ-भात देतो की." वाटीत बघावं तर वरचं पिवळं पाणी आणि चार शितं. डाळ तळाशी राहते, ती मोठ्यांच्या ताटात जाते. "घट्ट डाळ पोराला पचत नाय, पोट फुगतं," असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकलंय. पण सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत बाळाला वरचं खाणं लागतंच, आणि त्याचं पोट असतं एवढंसं. ते पाण्यानं भरलं की बाळ गप्प होतं, झोपतंसुद्धा. आपल्याला वाटतं, जेवलं! अंगाला लागणारं सगळं मात्र टोपात राहिलेलं असतं. पोट फुगतं ते बऱ्याचदा डाळ अर्धकच्ची राहते म्हणून.

तुम्ही म्हणाल, ही कालची पोरगी आम्हाला डाळ शिकवणार! डाळ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. मी फक्त बाळाचा वाटा कधी आणि कसा काढायचा, ते सांगते.

एका बाळाला दिवसाला मूठभर डाळ आणि दोन मुठी तांदूळ धरा. मूग सगळ्यात सोपा, लवकर शिजतो. तूर असेल तर तासभर आधी भिजवा, म्हणजे लाकूड कमी जळेल. उडीदही चालतो, पण सालं काढलेला आणि अगदी मऊ शिजलेला. हळद घाला, शेवग्याचा पाला असेल तर बारीक चिरून डाळीतच टाका. दाणा दोन बोटांत दाबला की पीठ झाला पाहिजे. आणि तिखट-मीठ पडायच्या आधी बाळाचा वाटा बाजूला काढा. वेगळं भांडं चढवायला नको, वेगळा स्वयंपाक नको.

मग तो वाटा पळीनं किंवा रवीनं घोटा, भात कुस्करून मिसळा, वर छोटा चमचा तेल आणि दोन थेंब लिंबू. लिंबामुळे डाळीतलं, पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहा याच्या उलटं करतो, म्हणून चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाला नकोच. आता चमचा वाकडा करून बघा. घास चमच्यालाच राहिला तर बरोबर, पाण्यासारखा ओघळला तर अजून पातळ आहे.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्ष झालं की पाऊण ते एक वाटी. सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत संपवा. आपल्याकडच्या उकाड्यात ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. भरवणारीनं आधी साबणानं हात धुवायचे, बहीण छोटी असली तरी.

अंगणवाडीतून मिळणारं पाकीट आणि अमृत आहारातली अंडी बाळाचीच आहेत, ती घरभर वाटू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभं केलं, त्यातूनच अंगणवाडी आली. म्हणजे ती आपल्या डहाणूचीच. तिथे हक्कानं जा. दंडाची पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली, लाल रंगात आली तर नुसत्या डाळीवर थांबू नका. त्याच दिवशी अंगणवाडी ताईंना दाखवा.

आता पैशाचं. रोज मूठभर म्हणजे महिन्याला साधारण किलोभर डाळ. बांधावरची तूर आपण व्यापाऱ्याला देतो आणि पावसाळ्यात तीच डाळ दुकानातून महाग आणतो. मला हे काही पटत नाही. ज्या घरात दोन वर्षांच्या आतलं मूल आहे, त्यांनी आधी त्याची डाळ डब्यात भरावी, मग उरलेली तूर विकावी. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांच्यासाठी गटानं एकत्र पोतं घ्यावं. गटातून लग्नाला कर्ज देतो, बियाण्याला देतो, मग डाळीला का नाही? हा विषय या महिन्याच्या बैठकीत घ्या आणि ठराव वहीत लिहा.

पुढच्या वेळी येताना प्रत्येक गटानं एक मूठ डाळ आणि दोन मुठी तांदूळ आणा. टोप आणि लाकूड मी बघते. अंगणातच चूल मांडू. बाळांना आणा, आणि त्यांना भरवणाऱ्या आज्यांनाही.