माळ्यावरच्या कॅसेटी



गेल्या दिवाळीत माळा आवरताना जुन्या व्हिडिओ कॅसेटींची पिशवी सापडली. माझं लग्न, मुलाची मुंज आणि बहिणीनं अमेरिकेहून पाठवलेलं भाचीचं बारसं. त्या बारशाला आई तिकडे गेली होती. पाळणा म्हणतानाचा तिचा आवाज आमच्याकडे तेवढाच. पण ती कॅसेट आल्या दिवसापासून इथे नीट लागलीच नव्हती. चित्र उड्या मारायचं, आवाज जाडाभरडा, ओढल्यासारखा यायचा. खराब आहे म्हणून आम्ही ती ठेवून दिली.

कॅसेट खराब नव्हतीच. अमेरिकेची पद्धत एनटीएससी : एका चित्रात ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आपली पद्धत पाल : ६२५ रेषा, २५ चित्रं. टेप पळण्याचा वेगही निराळा. कॅसेट दिसायला तीच, त्यामुळे व्हीसीआरमध्ये बसते. पण त्याला ती वाचता येत नाही. दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर मिळाला आणि आई स्वच्छ ऐकू आली.

तुमच्या घरच्या कॅसेटी आधी नीट पाहा. पुस्तकाएवढी मोठी ती बहुधा व्हीएचएस. कॅमेऱ्यातली छोटी असेल, तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. ‘व्हीएचएस-सी’ असेल तर टेप मोठ्या कॅसेटचीच, अर्धा इंच रुंद. अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून ती व्हीसीआरवर लागते. ‘व्हिडिओ ८’ किंवा ‘हाय ८’ची टेप ८ मिलिमीटरची, ती व्हीसीआरवर लागत नाही, तिला त्याच जातीचा कॅमेरा लागतो. ‘मिनी डीव्ही’ त्याहून छोटी आणि डिजिटल. तिचंही यंत्र वेगळं. कुठलीही कॅसेट जबरदस्तीनं आत ढकलू नका.

पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घातली तर यंत्रही बिघडतं. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. व्हीएचएसच्या कडेची छोटी पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही.

आणि फार थांबू नका. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. आता आहेत ती जुनी यंत्रं, तीही दुरुस्त करणारी माणसं आहेत तोवरच. कॅसेट संगणकावर उतरवून घ्या, एक प्रत बहीण-भावाकडे ठेवा. आणि ‘लागत नाही’ म्हणून कुठलीही कॅसेट भंगारात देऊ नका. आमची आई तशीच जाता जाता राहिली.