ठरावाचा प्रवास

केळझर हें वर्धा जिल्ह्यांतील गांव सिद्धिविनायकामुळें श्रोत्यांस परिचित असेल. अशा गांवच्या सभेंतील आराखडा पूर्वीं कागदांच्या बाडांतून पंचायत समितीच्या कचेरींत जात असे. तो वाटेंत कोठें अडला, हें गांवकऱ्यांस सहसा कळत नसे. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें 'ई-ग्रामस्वराज' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. आतां आराखडा व जमाखर्च तींत नोंदविले जातात. ते वरिष्ठांस दिसतात, तसेच सामान्य नागरिकांसहि पाहतां येतात.

हा लाभ उघड आहे. धोका मात्र नजरेआड राहतो. यंत्र नोंदीची तारीख सांगेल. परंतु सभा खरोखर भरली कीं नाहीं, गरीब वस्तीनें मागितलेला नळ यादींत आला कीं गळला, हें तें कसें सांगणार? १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान दिलें. याच जिल्ह्यांत सेवाग्राम आहे. खेड्यानें आपला कारभार आपण पाहावा, हा गांधीजींचा आग्रह तेथूनच देशभर गेला. म्हणून यादी वर धाडण्यापूर्वीं ती चावडीवर मोठ्यानें वाचली जावी. ठराव त्वरित पोहोंचावा हें योग्यच. पण तो आधीं गांवाचा असावा.