माइक हातात येण्याआधीची दोन मिनिटं

(नागपूर येथील युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलीस ते अडवतात. मग कुणीतरी माइक घेऊन बोलावं लागतं. आपल्याकडे तो माइक ठरलेल्या चार-पाच माणसांतच फिरतो. मुद्दे तुमच्याकडेही असतात, पण ऐनवेळी घशाला कोरड पडते, हात थरथरतो. त्यात घरी उर्दू किंवा आपली नागपुरी हिंदी, आणि व्यासपीठावर मराठी. चुकलो तर लोक हसतील, ही धास्ती वेगळीच.

ही भीती म्हणजे ईमान कच्चं असल्याची खूण नाही. सूरह ताहामध्ये फिरऔनकडे जाण्याआधी हजरत मूसा अलैहिस्सलाम छाती मोकळी व्हावी, जिभेची गाठ सुटावी अशी दुआ मागतात. सोबतीला भाऊ हारून यांनाही मागतात. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरोधात मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. फक्त सात! त्यांच्या काळजात धडधड नसेलच, असं कोण म्हणेल?

आता शरीराचं बघू. धोका वाटला की ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास वरच्या वर चालतो. हृदयाला 'हळू चाल' असा हुकूम देता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या ताब्यातही येतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. व्हेगस नावाची नस हे घडवते. म्हणून खरी किल्ली श्वास सावकाश सोडण्यात आहे.

नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या. पोट पुढे यावं, खांदे वर जाऊ नयेत. मग सहा मोजेपर्यंत सोडा. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एरवी आपण 12 ते 20 घेतो. नाव पुकारण्याआधी दोन मिनिटं एवढं करा. भराभर मोठे श्वास मात्र घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

कुणी विचारतं, हा तर प्राणायाम, आपल्याला चालेल का? श्वासाला धर्म नसतो. तजवीद शिकलेल्यांना विचारा. कुठे थांबायचं, एका श्वासात कुठवर जायचं, याचा सराव ते वर्षानुवर्षं करतात. भाषणातही तेच: वाक्य संपलं की थांबा, श्वास घ्या, मग पुढे.

श्वासाने आवाज स्थिर होतो. मुद्दे तो देत नाही. ते लिहून आणा, पहिली दोन वाक्यं पाठ करा, आणि एक मैत्रीण किंवा मित्र समोर बसवा. मराठीला बिचकू नका. अर्ज, हक्क, तक्रार, फिर्याद, जाहीर हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीचेच झाले. दाद मागण्याची मराठी तुम्हाला आधीच येते.

चला, पाठ सरळ करा. चार मोजून घेऊ, सहा मोजून सोडू. दोन मिनिटांनी पहिल्या रांगेपासून एकेकाने उभं राहायचं आणि आपल्या मोहल्ल्याची एक तक्रार मराठीत मांडायची.