गावातील जुने झाड आणि शाळेची नोंदवही



कोकणातील बहुतेक गावांत एखादे तरी फार जुने झाड असते. कोठे ते देवराईतील बेहड्याचे असते, कोठे पाणंदीवरच्या आंब्याचे, तर कोठे समुद्राजवळच्या वडाचे. शाळेत येताना आणि घरी परतताना मुले रोज त्याच्याखालून जातात. झाडाचे नाव त्यांना ठाऊक असते. त्याच्यावर कोण वस्तीला आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. सृष्टिनिरीक्षणाच्या पाठाचा आरंभ कोठून करावा, असा प्रश्न ज्या शिक्षकास पडतो, त्याने मुलांना घेऊन या झाडाखाली जावे. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास त्यावाचून अडत नाही.

प्रथम फांद्यांकडे पाहावे. जाड, पट्ट्यासारख्या पानांचा एखादा झुबका सालीला चिकटलेला दिसेल, आणि त्याची पांढुरकी मुळे फांदीवर पसरलेली दिसतील. ही आमरी होय. वळवाच्या दिवसांपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत तिच्यातील एक जात फुलते, तेव्हा गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा दाट तुरा वीतभर किंवा त्याहूनही लांब खाली लोंबतो. त्याच्या आकारावरून लोकांनी तिला ‘सीतेची वेणी’ असे सुरेख नाव दिले आहे. हीच आमरी दूर आसामात ‘कपौ फूल’ म्हणून ओळखली जाते आणि बिहू नृत्याच्या वेळी तेथील मुली ती केसांत माळतात.

खेड्यातील पुष्कळ लोक आमरीस बांडगूळ समजतात आणि झाडाच्या हितासाठी म्हणून ती उपटून टाकतात. हा भेद मुलांना अवश्य समजावून द्यावा. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या अंगात शिरवून त्यातील पाणी व क्षार शोषून घेते. आमरी झाडाकडून केवळ बसण्यापुरती जागा घेते. तिच्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते टिपून घेते. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर आमरी आढळल्यास एक सोपा प्रयोग करता येतो. कोरड्या, पांढुरक्या मुळावर पाण्याचे चार थेंब सोडावेत. थोड्याच वेळात ते हिरवट दिसू लागते. पाण्याने आवरण पारदर्शक होते व आतील हिरवा थर दिसतो. प्रयोग झाल्यावर ती आमरी काथ्याने शाळेच्या आवारातील आंब्याला सैलसर बांधावी. उभ्या झाडावरची आमरी मात्र कधीही काढू नये.

याचे कारण तिच्या बीजात आहे. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, परंतु त्या धुळीसारख्या सूक्ष्म असतात आणि अंकुराला पोसणारा अन्नसाठा त्यांत जवळजवळ नसतो. भाताच्या दाण्यात जी शिदोरी असते, ती येथे नाही. योग्य प्रकारची बुरशी भेटली, तरच निसर्गात हे बी रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे रहस्य १८९९ साली उलगडले. हजारो बियांतून एखादीच जगते व तीही फुलावर येण्यास कित्येक वर्षे घेते. एक वेणी तोडण्यास क्षण पुरतो. तिची जागा भरून येण्यास मुलाचे सारे प्राथमिक शिक्षण पुरे होऊन जाते.

आता दृष्टी खोडाकडे वळवावी. फार जुन्या झाडाच्या खोडात ढोली असते, आणि धनेशाला अशीच ढोली लागते. मोठी, वाकडी, वर शिंगासारखी जोडचोच असलेला काळा-पांढरा मलबारी धनेश कोकणातील देवरायांतून आढळतो. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती व फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ती ठेवते. अंडी उबवून पिले उडण्याजोगी होईपर्यंत ती आतच राहते; त्या सर्व काळात नर तिला व पुढे पिलांना चारा आणून देतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य खाद्य. बिया दूरवर पडतात व त्यांतून नवी झाडे उगवतात. ढोलीचे झाड त्या काळात तोडले गेले, तर एक संपूर्ण कुटुंब नष्ट होते. नर मारला गेला, तरीही परिणाम फारसा वेगळा होत नाही.

कोकणात काही ठिकाणी धनेशालाच ‘गरुड’ म्हणतात, आणि किनाऱ्यावरील उंच झाडावर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधणाऱ्या सागरी गरुडासही तेच नाव मिळते. म्हणून मुलाने नुसते ‘गरुड पाहिला’ असे लिहिले, तर ती नोंद अपुरी होय. चोच कशी होती, पोट पांढरे होते काय, तो फळ खात होता की मासा, हे विचारावे. गावचे नाव खोडून पुस्तकी नाव लिहावयास लावू नये. गावचे नाव, वर्णन व माहीत असल्यास पुस्तकी नाव अशा क्रमाने तिन्ही लिहावीत. नाव ठाऊक नसेल, तेथे शिक्षकाने ‘नाव माहीत नाही’ असे मुलांदेखत लिहावे. त्याने शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट प्रामाणिकपणाचा तो पहिला धडा ठरतो.

अशा साध्या नोंदींचे मोल किती, याचे उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे १९३० साली नोकरीविना होते. अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी घराजवळच्या सुगरणींचे चिकाटीने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडल्यास त्यात राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो, असे त्यांना दिसून आले. पुढे जगन्मान्य झालेल्या संशोधकाचे हे काम एका खेड्यातील झाडांखाली झाले. सुगरणीची घरटी आपल्या गावांतूनही दिसतात.

शाळेने एका झाडाची एक नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, पाहणाऱ्याचे नाव, काय दिसले, कोठे दिसले, एवढे रकाने पुरेत. ‘दिसले’ आणि ‘वाटले’ यांची सरमिसळ होऊ देऊ नये. धनेशाची वीण व वेणीचा बहर यांचा पुष्कळ भाग उन्हाळ्याच्या सुटीत येतो. तेव्हा सुटीपूर्वीच झाडाजवळ राहणाऱ्या मुलांवर हे काम सोपवावे. ढोलीपासून दूर उभे राहावे, झाडावर चढू नये, घरट्यातील अंडी-पिलांना हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्यास मनाई आहे.

या नोंदवहीचा उपयोग परीक्षेपुरता नाही. कोकणातील पुष्कळसे रान खाजगी मालकीचे आहे, आणि जुने झाड बहुधा घरातील अडचणीच्या वेळी विकले जाते. ज्याचे झाड, तो अनेकदा शाळेतीलच एखाद्या मुलाचा पालक असतो. त्यास दोष देऊन किंवा मुलास त्याच्याविरुद्ध बोलावयास लावून काही साधत नाही. तथापि मुलगा घरी नोंदवही वाचून दाखवू लागला, म्हणजे आजवर लाकडाच्या भावाने मोजलेले झाड घरच्यांना निराळे दिसू लागते. तोडलेल्या झाडाऐवजी शंभर रोपे लावू, असे म्हटले जाते. रोपे अवश्य लावावीत. परंतु शंभर रोपांत मिळून एकही ढोली नसते. ती तयार होण्यास अनेक दशके लागतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. मुलांच्या नोंदी दरवर्षी या समितीस सादर कराव्यात. गावाच्या दप्तरात झाडाचे नाव, त्यावरील आमरी व त्यातील ढोली यांची नोंद झाली, तर तोडण्याचा प्रश्न निघेल तेव्हा ग्रामसभेपुढे ठेवण्यास काही लेखी आधार राहील. झाड वाचेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु काय जात आहे हे न कळता ते जाऊ नये, एवढी व्यवस्था प्राथमिक शाळेस निश्चित करता येईल. त्यासाठी एक वही, एक झाड आणि आठवड्यातील अर्धा तास पुरेसा आहे.