विवर गोल आहे, हे कुणी सांगितलं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'अमेरिकेतले अनुभव सांग' असा हुकूम केला आहे. आता आपल्यातल्या निम्म्यांची मुलं तिकडे आहेत, तेव्हा अमेरिका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून मी फक्त एका सकाळबद्दल बोलतो. त्या सकाळी मी छोट्या विमानातून एका विवराचे फोटो काढले. हा उद्योग हौसेचा होता, पण त्याचं मूळ पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या भूगोलाच्या सरांकडे आहे.

आठवीच्या सहलीत सरांनी आपल्याला लोणारच्या काठावर उभं करून विचारलं होतं, "हे विवर गोल आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणी म्हणालं, पुस्तकात आहे. कुणी म्हणालं, दिसतंयच की सर! त्यावर सर म्हणाले, "काठावरून दिसतो तो लांबट, चपटा आकार. गोल की आणखी कसं, हे बघायचं तर वर जायला हवं." आपण पुढे धारेवर गेलो, डबे खाल्ले, विसरलो. मला मात्र ते वाक्य चिकटून राहिलं.

नोकरीमुळे मी ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात राहायला गेलो. तिथून उत्तरेला, फ्लॅगस्टाफ आणि विन्स्लो या दोन गावांच्या मधल्या माळरानावर 'मीटिओर क्रेटर' आहे. सुमारे १.२ किलोमीटर रुंद, १७० मीटर खोल, वय सुमारे ५०,००० वर्षं. रुंदीत आपलं लोणार त्याच्यापेक्षा मोठं, सुमारे १.८ किलोमीटर. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाण अभियंत्यानं १९०३ पासून तिथे लोखंडाचा प्रचंड गोळा सापडेल म्हणून खोदकाम केलं. गोळा मिळाला नाही, कारण आदळताना उल्केचा बहुतेक भाग वितळून आणि वाफ होऊन गेला होता. हे विवर उल्केमुळेच झालं याचा पक्का पुरावा युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दिला. पुढे अपोलोच्या अंतराळवीरांना सरावासाठी तिथेच नेत असत.

माझ्या एका सहकाऱ्याकडे विमान चालवण्याचा खाजगी परवाना आहे. असा परवाना असणाऱ्याला तिकडे प्रवाशाकडून भाडं घेता येत नाही, खर्च मात्र वाटून घेता येतो. आम्ही तासाच्या हिशेबानं सेसना १७२ हे चार आसनी विमान घेतलं, आदल्या संध्याकाळी विन्स्लोला उतरलो आणि जानेवारीतल्या एका सकाळी सूर्य उगवताना पुन्हा उडालो.

हे विमान का, ते सांगतो. याचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खाली बघताना आड येत नाहीत. खिडकीची बिजागरी वरच्या बाजूला असते. अडकण काढली की वाऱ्याच्या झोतानं खिडकी पंखाखाली जाऊन तिथेच राहते. काचेतून फोटो काढला तर तिच्यावरचे चरे आणि प्रतिबिंबं त्यात येतात, म्हणून ही खटपट. पण बाहेर शून्याखालचं तापमान! हातमोज्यांची दोन बोटं कापून मी कॅमेरा धरला होता. पट्टा गळ्यात, खिसे रिकामे. कोपर खिडकीला टेकवायचं नाही, नाहीतर इंजिनाची थरथर सरळ फोटोत उतरते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा सावकाश ठेवायचं नाही. आणि कॅमेऱ्यात डोळा घालून गोल गोल फिरल्यावर पोटात जे होतं, त्यावर आईनं पाठवलेला आलेपाकच कामी आला.

उडण्याआधी मित्रानं एकच अट घातली होती. "काठापासून हजार फुटांच्या खाली मी येणार नाही. कितीही सुंदर दिसलं तरी मागू नकोस." त्यामागे कारण होतं. ऑगस्ट १९६४ मध्ये सेसना १५० या लहान विमानातले दोन वैमानिक काठाच्या खाली, विवरात शिरले. काठच समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर. तिथली हवा आधीच विरळ, त्यात उन्हाळ्यात आणखी विरळ होते. विमानाला पुन्हा काठ ओलांडण्याइतकं चढता येईना. ते आतल्या आत घिरट्या घालत राहिले आणि शेवटी कोसळले. दोघंही जबर जखमी झाले, पण वाचले. सेसना १७२ थोडं मोठं आणि जास्त ताकदीचं असलं तरी हवा तीच. आम्ही थंडीतली सकाळ निवडली ती जशी प्रकाशासाठी, तशी या हवेसाठीही. थंड हवा दाट असते, विमानाला उचलून धरते.

सकाळच्या प्रकाशाचं महत्त्व मला वर गेल्यावर कळलं. दुपारी ऊन डोक्यावर असलं की विवर ताटासारखं सपाट दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात पूर्वेची भिंत सावलीत आणि पश्चिमेची उजळलेली होती. सावलीमुळेच खोली दिसते. पहिल्या फेरीत मी नुसताच बटण दाबत होतो. दुसऱ्या फेरीत मित्रानं विमान उजवीकडे कलतं केलं, चाक आणि पंखाचा टेकू चौकटीबाहेर गेला आणि सबंध विवर एकदम समोर आलं.

सर, ते गोल नव्हतं! चक्क चौकोनी होतं, कोपरे घासून गुळगुळीत केलेल्या पाटासारखं. तिथल्या चुनखडीच्या आणि वालुकाश्माच्या थरांत आधीपासून उभ्या भेगा होत्या. धडकेच्या वेळी खडक त्या भेगांच्या बाजूनं जास्त फाटला, म्हणून हा आकार. हे मी पुस्तकात वाचलं होतं. काठावरच्या कठड्याला टेकून दोनदा पाहिलंही होतं. पण तिथे उभं राहून ते कधी पटलं नव्हतं.

आणि आपलं लोणार? उपग्रहाच्या चित्रात ते जवळजवळ वर्तुळाकार दिसतं. म्हणजे आपली उत्तरं बरोबर होती, पण ती ऐकीव होती. लोणारचं वेगळेपण त्याच्या खडकात आहे. ते काळ्या बेसॉल्टमध्ये झालं आहे, आणि अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्रावरचा आणि मंगळावरचा पुष्कळ खडक बेसॉल्टच, म्हणून तिकडच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. प्रचंड दाबानंच तयार होणारी एक काच लोणारच्या खडकात सापडली आणि १९७३ मध्ये ते उल्कापाताचं विवर म्हणून जगापुढे मांडलं गेलं.

पण वरून एकदा काढलेल्या फोटोतून सगळं कळत नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाणी घटून खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव वाढले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं. पावसानंतर रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. विवराचा आकार हजारो वर्षांत हळूहळू बदलतो, पाणी आणि झाडी मात्र दरवर्षी बदलतात. ते टिपायला विमान लागत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

म्हणून आज दोन गोष्टी शाळेला देतो आहे. पहिली म्हणजे दोन मोठे फोटो. एक मी काढलेला मीटिओर क्रेटरचा, दुसरा उपग्रहातून घेतलेला लोणारचा, दोन्ही एकाच मापात. टांगताना एवढंच पाहा की उजेड फोटोच्या वरच्या बाजूनं येतो आहे. उलटे टांगले तर खड्ड्याची टेकडी दिसेल! दुसरी म्हणजे एक कोरी वही. दरवर्षी आठवीच्या सहलीत, एकाच महिन्यात, काठावरच्या त्याच तीन जागांवरून मोबाइलनं फोटो काढायचे, छापून चिकटवायचे आणि खाली तारीख लिहायची. छपाईचा खर्च माझ्याकडे. मेहकरला आणि लोणारला राहणाऱ्या मित्रांनी त्या तीन जागांवर चुन्याची खूण करून द्यावी, एवढी विनंती. वीस वर्षांत या वहीत जे जमा होईल, ते कुठल्याही विमानातून एका सकाळी मिळणार नाही.