आडव्या डोंगराचा नकाशा



अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात कैबाब नावाचं पठार आहे. तिथल्या पैयूट लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'आडवा पडलेला डोंगर'. उंची जागोजागी 2,700 मीटरच्या वर, आणि अंगभर पाइन, स्प्रूस, ॲस्पेनचं दाट रान. दक्षिणेला हे पठार एकाएकी तुटतं. तीच कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन, दीड किलोमीटरहून खोल घळई.

1902 साली फ्रांस्वा मॅथीज हा तरुण सर्वेक्षक इथे नकाशा काढायला आला. आपल्याला वाटेल, घळई अवघड, पठार सोपं. पण मोजणीच्या दृष्टीनं उलटंच! त्या वेळचं साधन म्हणजे तिवईवरचा फलक, त्यावर कागद आणि दुर्बीण बसवलेली पट्टी. एकच सुळका दोन ठिकाणांहून दुर्बिणीत धरायचा; दोन रेषा छेदतील तिथे तो सुळका. उंची कोनावरून. घळईच्या काठावर उभं राहिलं की समोरचं सगळं उघडं. रानात मात्र चार पावलांवर झाड आडवं येतं, तिथे दुर्बीण काय करणार? वाटेवाटेनं अंतर मोजत जायचं, आणि मधली जागा अंदाजानं भरायची.

मॅथीजनं समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर 50 फुटांना काढल्या. उत्तर काठापासून नदीपर्यंत शंभराहून जास्त रेषा! कड्यांपाशी त्या चिकटून जाड दोरीसारख्या दिसतात. इतक्या जवळजवळ रेषा काढण्याचा हा हट्टच मला मोलाचा वाटतो. रेषा विरळ असत्या, तर पायऱ्यापायऱ्यांची ही घळई साधी उतरण वाटली असती.

आणखी एक गंमत. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटननं इथल्या शिखरांना विष्णू आणि शिव यांच्या मंदिरांची नावं दिली होती. मॅथीजनं त्यात कृष्णाची भर घातली, आणि जवळच जर्मनांच्या वोटान देवाचं सिंहासनही मांडलं. त्याच्या एका नकाशापत्रकाचं नावच 'विष्णू'!

पुढे नकाशाकार ब्रॅडफर्ड वॉशबर्ननं हेलिकॉप्टर आणि लेसर वापरून घळईचा देखणा नकाशा केला. तो 1978 साली छापला गेला. रानाला न्याय मिळण्यासाठी मात्र लायडार यावं लागलं. त्यात विमानातून सोडलेल्या लेसरच्या असंख्य किरणांपैकी काही पानांच्या फटींतून जमिनीला टेकून परततात. तेवढेच निवडले, की झाडांखालची जमीन कागदावर उतरते.

मॅथीजची जुनी पत्रकं अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. 'विष्णू' उघडलंत, तर घळईवरून नजर जरा वर न्या आणि पठारावरच्या विरळ रेषाही पाहा.