भेंडीचा हळद्या

मंडईंत हिरव्या भेंडीच्या ढिगांत एखादी पिवळट, राठ भेंडी हातीं लागते. ती जून म्हणून आपण टाकून देतों. पुष्कळदां ती रोगट असते. मुंबई इलाख्यांत या ‘हळद्या’ रोगाची नोंद १९२४ सालीं झाली. त्याचे विषाणू वाहणारी पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची! रोगी पानांतील रसाबरोबर ते तिच्या पोटांत जातात, तेथून देहद्रवांत व शेवटीं लाळेंत उतरतात. मग ती दुसऱ्या झाडांत सोंड खुपसते. माशीवर औषध आहे, बाधलेल्या झाडावर नाहीं. म्हणून परसांतल्या रोपाच्या शिरा पिवळ्या दिसल्या, कीं तें लगेच उपटावें. फुलावर आलेलें असलें तरीहि.